जोतिबाच्या डोंगरावरची केबल: तक्रार ग्रामपंचायतीत करायची, कलेक्टरकडे की थेट दिल्लीत?

चैत्र पौर्णिमा जवळ आली की कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर असलेला जोतिबाचा डोंगर गुलालाने भरून जातो. कागदोपत्री या गावाचं नाव वाडी रत्नागिरी, तालुका पन्हाळा. महाराष्ट्र, कर्नाटकातून लाखो भाविक येतात, सासनकाठ्या नाचतात आणि ‘चांगभलं’चा गजर होतो. ज्यांना डोंगर चढणं जमत नाही, ते घरी टीव्हीसमोर बसून हात जोडतात. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे यात्रा भाविकांविना झाली, तेव्हा तर सगळ्यांसाठी पडद्यावरचं दर्शन हाच एक मार्ग उरला होता.

आता समजा, ऐन यात्रेच्या दिवशी केबल बंद पडली. किंवा केबलवाल्याने न विचारता महिन्याचे पन्नास रुपये वाढवले. किंवा एखाद्या स्थानिक वाहिनीवर असं काही दाखवलं गेलं की गाव पेटून उठलं. अशा वेळी गावातला माणूस पहिल्यांदा जातो तो सरपंचाकडे. सरपंच म्हणतात, “हे आमच्या हातात नाही.” तहसील कार्यालयात गेलं तर तिथून वर बोट दाखवलं जातं. केबलवाला म्हणतो, “वरूनच सिग्नल नाही.”

मग जाब विचारायचा कुणाला? याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण केबलवर एकाचं नाही, चार-पाच जणांचं नियंत्रण आहे आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकेक तुकडा आलेला आहे. सरपंचांचं उत्तरही निम्मंच खरं आहे. ग्रामपंचायतीच्या हातात एक गोष्ट नक्की आहे. ती कोणती, हे बघण्याआधी मुळात केबल म्हणजे कोण, हे समजून घ्यावं लागेल.

‘केबलवाला’ म्हणजे नेमकं कोण?

घरात येणाऱ्या वायरीच्या मागे तीन वेगवेगळे व्यवसाय असतात.

पहिला प्रसारक, म्हणजे वाहिनीची मालक असलेली कंपनी. ती कार्यक्रम तयार करते आणि उपग्रहावर सोडते.

दुसरा मल्टी सिस्टीम ऑपरेटर, म्हणजेच एमएसओ. तो अनेक वाहिन्यांचे सिग्नल एकत्र करतो, ते सांकेतिक स्वरूपात बंद करतो आणि पुढे पाठवतो. सेट-टॉप बॉक्स चालू-बंद होतो तो याच्या यंत्रणेतून.

तिसरा स्थानिक केबल ऑपरेटर. गावात वायर ओढणारा, बॉक्स बसवणारा आणि महिन्याला पैसे न्यायला येणारा. गावाच्या ओळखीचा असतो तो हाच. म्हणून शिव्याही त्यालाच बसतात, जरी वाहिनीचा दर प्रसारकाने ठरवलेला असला आणि बॉक्स एमएसओने बंद केलेला असला तरी.

तक्रार कुणाकडे करायची हे ठरवताना पहिला प्रश्न हाच: चूक या तिघांपैकी कुणाची आहे?

ग्रामपंचायतीला केबलवर ताबा का नाही?

कारण राज्यघटनेतच ते ठरलेलं आहे. सातव्या परिशिष्टातल्या केंद्र सूचीत ३१ व्या नोंदीत टपाल, तार, टेलिफोन आणि प्रसारण हे विषय आहेत. म्हणजे टीव्हीबाबत कायदा करायचा तर तो संसदेने. राज्य सरकारलाही तिथे फारसा वाव नाही, मग ग्रामपंचायतीला कुठून असणार?

गंमत म्हणजे केबल आधी आली आणि कायदा नंतर. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास शहरांत डिश अँटेना दिसू लागल्या. गल्लीतल्या एखाद्या होतकरू तरुणाने गच्चीवर डिश बसवायची, झाडांवरून आणि खांबांवरून वायरी ओढायच्या आणि शंभर-दीडशे घरांना जोडणी द्यायची, असा हा धंदा वाढला. परवाना नाही, नोंदणी नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये केंद्राने अध्यादेश काढला आणि १९९५ मध्ये ‘केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (विनियमन) अधिनियम’ आला. आजही केबलचा मूळ कायदा हाच आहे.

या कायद्याने नोंदणी सक्तीची केली. पण नोंदणी कुठे करायची? ना ग्रामपंचायतीत, ना तहसीलमध्ये. ती करायची होती मुख्य टपाल कार्यालयात! ठरलेला अर्ज आणि वर्षाला ५०० रुपये शुल्क भरलं की पोस्टमास्तर प्रमाणपत्र द्यायचे. केबलवाला किती वाहिन्या दाखवतो, त्याच्या वायरी कुठून जातात, हे तपासणं पोस्टमास्तरांचं काम नव्हतं. त्यामुळे कागद एका खात्याकडे आणि लक्ष ठेवण्याची जबाबदारी दुसऱ्याकडे, अशी विभागणी पहिल्या दिवसापासून झाली.

जानेवारी २०२५ मध्ये ही पद्धत बदलली. आता स्थानिक केबल ऑपरेटरला माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या ‘ब्रॉडकास्ट सेवा’ या पोर्टलवर ऑनलाइन नोंदणी करावी लागते. शुल्क ५,००० रुपये आणि मुदत ५ वर्षं. म्हणजे टपाल कार्यालयाचा जो काही स्थानिक धागा होता, तोही सुटला.

मग जिल्ह्यात अधिकार कुणाला?

कायद्यात ‘प्राधिकृत अधिकारी’ असा शब्द आहे. जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे आपापल्या हद्दीत प्राधिकृत अधिकारी असतात. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, जिल्ह्याला पोलीस अधीक्षक आहेत. त्यामुळे जोतिबासाठी हे अधिकार मुख्यतः जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि प्रांताधिकाऱ्यांकडे येतात.

हे अधिकार छोटे नाहीत. कलम ११ नुसार नियम मोडणाऱ्या केबलवाल्याची यंत्रसामग्री जप्त करता येते. कलम १९ नुसार एखादा कार्यक्रम किंवा वाहिनी कार्यक्रम संहितेचा भंग करत असेल, किंवा धर्म, जात, भाषा यांवरून समाजात तेढ निर्माण होण्याची, शांतता बिघडण्याची शक्यता असेल, तर तो कार्यक्रम दाखवायला केबलवाल्याला मनाई करता येते.

या अधिकारांचा वापर किती दूर जाऊ शकतो, हे मुंबईने पाहिलेलं आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या प्रौढांसाठीच्या चित्रपटांविरोधात मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. न्यायालयाच्या आदेशानंतर २००६ मध्ये मुंबई पोलिसांनी कारवाई सुरू केली आणि काही काळ शहरातल्या केबलवरून चित्रपटांच्या वाहिन्याच गायब झाल्या. त्याच वर्षी केंद्राने नियम बदलला: सेन्सॉर मंडळाने सर्वांना पाहण्याजोगा ठरवलेला चित्रपटच केबलवर दाखवता येईल.

कायद्याचा धाक मात्र आता बदलला आहे. पूर्वी पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत आणि पुढच्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. जनविश्वास कायद्यानंतर ऑक्टोबर २०२३ पासून कैद गेली. तिच्या जागी समज, ताकीद आणि आर्थिक दंड आला.

कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची एक समिती

फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे जिल्हास्तरीय संनियंत्रण समिती. केंद्राने सप्टेंबर २००५ मध्ये आदेश काढून राज्य आणि जिल्हा पातळीवर अशा समित्या नेमायला सांगितलं. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांच्यासाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना आल्या.

जिल्हा दंडाधिकारी हे तिचे अध्यक्ष. पोलीस अधीक्षक सदस्य. जिल्हा माहिती अधिकारी सदस्य सचिव. शिवाय महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य, बालकल्याण आणि महिला कल्याणासाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी, शिक्षणतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ. नागरिकांना केबलवरच्या मजकुराबद्दल तक्रार मांडण्यासाठी जागा मिळावी, हे तिचं पहिलं काम. केबलवाला चोरीच्या किंवा बेकायदा वाहिन्या दाखवत नाही ना, दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्या देतो ना, आणि स्थानिक बातम्या समतोल आहेत ना, यावर लक्ष ठेवणं हे दुसरं.

यादी वाचल्यावर एक गोष्ट लक्षात येते. समितीत सरपंच नाही, पंचायत समितीचा सदस्य नाही, नगराध्यक्ष नाही. लोकांनी निवडून दिलेलं कुणीच नाही. म्हणजे जिल्ह्यातल्या केबलवर लक्ष आहे ते प्रशासनाचं. ‘स्थानिक स्वराज्य संस्थे’चं नाही.

जोतिबावरच्या मालिकेला आक्षेप असेल तर?

ऑक्टोबर २०२० मध्ये स्टार प्रवाह वाहिनीवर ‘दख्खनचा राजा जोतिबा’ ही मालिका सुरू झाली. महेश कोठारे यांच्या कोठारे व्हिजनची ही निर्मिती. देवाच्या नावाने मालिका येते तेव्हा कथेतला एखादा प्रसंग परंपरेशी जुळत नाही असं गावातल्या गुरवांना, ग्रामस्थांना वाटू शकतं. मग ग्रामसभेने ठराव केला तर प्रसारण थांबेल का?

नाही. ग्रामसभेचा ठराव हे गावाचं म्हणणं आहे, आदेश नाही. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा वाहिनीकडे पाठवता येतो आणि त्याला वजनही असतं, पण त्याने कायदेशीर बंधन येत नाही.

उपग्रह वाहिनीवरच्या कार्यक्रमासाठी जून २०२१ पासून तीन पायऱ्यांची व्यवस्था आहे. आधी वाहिनीकडेच तक्रार करायची. वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील. तिथेही नाही झालं तर केंद्र सरकारची आंतरविभागीय समिती.

जिल्हाधिकारी कलम १९ वापरून केबलवाल्याला तो कार्यक्रम दाखवू नको, असं सांगू शकतात. पण तो आदेश केबलपुरताच चालतो. शेजारच्या घरावर डीटीएचची छत्री असेल तर तिथे मालिका चालूच राहणार, आणि मोबाइलवर तर ती केव्हाही दिसणार. वायरीसाठी केलेला १९९५ चा कायदा आजच्या पडद्यांना पुरा पडत नाही, तो असा.

केबलवाल्याची किंवा एमएसओची स्वतःची स्थानिक वाहिनी असेल, जशा यात्रेचं थेट दर्शन आणि गावच्या बातम्या दाखवणाऱ्या वाहिन्या असतात, तर मात्र चित्र वेगळं आहे. नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा वाहिन्यांना ‘प्लॅटफॉर्म सेवा’ म्हणतात. त्यांची ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि कार्यक्रमांचं ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपून ठेवावं लागतं. त्यांच्या मजकुरावरची तक्रार प्राधिकृत अधिकारी आणि जिल्हा समितीच तपासते. म्हणून अशा तक्रारीत तारीख आणि वेळ लिहिणं फार महत्त्वाचं, आणि ती ९० दिवसांच्या आत करणंही. नाहीतर पुरावाच उरत नाही.

मग ग्रामपंचायतीच्या हातात आहे तरी काय?

वायर.

२०११ च्या दुरुस्तीने केबल कायद्यात कलम ४ब आलं. सार्वजनिक संस्थेच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या जागेतून, रस्त्यावरून, रस्त्याखालून केबल न्यायची असेल किंवा खांब उभा करायचा असेल, तर त्या संस्थेची परवानगी लागते. आणि या ‘सार्वजनिक संस्थे’च्या व्याख्येत स्थानिक स्वराज्य संस्था येते. म्हणजे ग्रामपंचायतीच्या ताब्यातला रस्ता असेल तर ग्रामपंचायतही आली. रस्ता खोदला तर तो पूर्ववत करून घेणं किंवा त्याचा खर्च वसूल करणं हा तिचा हक्क आहे. सार्वजनिक हितासाठी केबल काढा किंवा बाजूला घ्या, असंही ती सांगू शकते. शिवाय सार्वजनिक रस्त्यावरचे अडथळे हटवण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातल्या कलम ५३ ने तिला दिलेलाच आहे.

जोतिबावर हा अधिकार कागदावर ठेवण्याजोगा नाही. चैत्र यात्रेत उंचच उंच सासनकाठ्या मुख्य मंदिरापासून यमाई मंदिराकडे मिरवणुकीने जातात. त्या तोलून धरणाऱ्यांचं लक्ष काठीच्या शेंड्याकडे आणि दोरांकडे असतं. वाटेत खाली लोंबणारी एक केबल काठीला अडकली, तर केबल तुटणं ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट. ती केबल वीजवाहिनीवर पडली किंवा काठीचा तोल गेला, तर खाली असतो दाटीवाटीने उभा असलेला समुदाय.

इथे एक पथ्य पाळायला हवं. केबल विजेच्या खांबावरून नेलेली असेल तर तो खांब महावितरणचा आहे, त्यामुळे परवानगी आणि कारवाईचा विषय महावितरणकडे जातो. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर त्यांच्याकडे. मंदिर परिसराचं व्यवस्थापन पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे. म्हणजे एकाच वायरीच्या शंभर मीटरमध्ये चार मालक भेटू शकतात. त्या चौघांना यात्रेआधी एका जागी आणून वायरी उचलून घ्यायला लावणं, हे काम सरपंच आणि ग्रामसेवक नक्की करू शकतात. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

पूर्वी तहसीलदार केबलवाल्याला का शोधायचे?

जुन्या लोकांना आठवत असेल, केबलवाले पूर्वी तहसील कार्यालयाला वचकून असायचे. त्याचं कारण होतं करमणूक कर. १९२३ च्या करमणूक शुल्क कायद्याखाली केबल जोडणीवर दरमहा ठरावीक कर होता. महापालिका क्षेत्रात तो जोडणीमागे ४५ रुपये होता आणि गावांत त्याहून कमी. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक कर शाखेचे निरीक्षक जोडण्या मोजायला फिरायचे आणि केबलवाला त्या कमी दाखवायचा. पाचशे घरांत केबल आणि कागदावर दीडशे, असा लपंडाव राज्यभर चालायचा.

डिजिटल सेट-टॉप बॉक्समुळे तो लपंडाव अवघड झाला, कारण प्रत्येक बॉक्सची नोंद एमएसओच्या संगणकात असते. शहरांपासून सुरू झालेलं हे डिजिटायझेशन चौथ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१७ च्या मुदतीने, वाडी रत्नागिरीसारख्या ग्रामीण भागापर्यंत पोचलं. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाला. केबलच्या बिलावर आता १८ टक्के जीएसटी लागतो.

याचा एक न दिसणारा परिणाम झाला. करामुळे तहसील कार्यालयाचा केबलवाल्याशी दर महिन्याचा संबंध होता, तो संपला. कर गेला आणि त्यासोबत नजरही गेली.

बिल आणि सेवेची तक्रार

दर आणि सेवेची गुणवत्ता हा विषय २००४ पासून ‘ट्राय’ या केंद्रीय नियामकाकडे आहे. २०१९ मध्ये नवी दरपद्धती लागू झाली तेव्हा जोडणीचं शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये अधिक कर, असं बांधलेलं होतं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादा काढून टाकली. आता शुल्क कंपनी ठरवते, पण ते तिने जाहीर करावं लागतं. त्यामुळे “केबलवाला जास्त घेतो” असं नुसतं म्हणून भागत नाही. जाहीर दर किती आणि घेतला किती, हे दाखवावं लागतं. त्यासाठी हवी पावती. गावात बहुतेकजण पैसे हातात देतात आणि पावती मागत नाहीत. भांडण इथेच हरलं जातं.

आणखी एक गैरसमज: ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. ते नियम करतं. एकट्या ग्राहकाचा दरवाजा म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. जोतिबाच्या ग्राहकाला त्यासाठी कोल्हापूरपर्यंतच जावं लागतं.

बाहेर काय चालतं?

हे असंच असायला हवं, असं काही नाही. अमेरिकेत केबल कंपनीला शहर किंवा परगण्याकडून परवाना घ्यावा लागण्याची पद्धत रुजली. १९८४ च्या कायद्याने तिला चौकट दिली. स्थानिक संस्था कंपनीच्या केबल उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत शुल्क घेऊ शकते आणि नागरिकांसाठी, शाळांसाठी, नगरपालिकेच्या सभांसाठी वाहिन्या राखून ठेवायला लावू शकते. तिथेही दरांवरचं स्थानिक नियंत्रण पुढे जवळपास संपलं, पण ‘आमच्या रस्त्यातून वायर नेता, तर आमच्यासाठी काय देता?’ हा प्रश्न गाव विचारू शकतं.

आपल्याकडे रस्ता गावाचा आणि परवाना दिल्लीचा. त्यामुळे तो प्रश्न विचारायला जागाच ठेवलेली नाही.

कोणती तक्रार कुठे?

– केबल बंद, बॉक्स बिघडला, बिल चुकलं: आधी एमएसओच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा. मग कंपनीचा नोडल अधिकारी. दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोग.

– स्थानिक वाहिनीवर आक्षेपार्ह मजकूर: तारीख-वेळेसह लेखी अर्ज जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे, प्रत जिल्हा माहिती अधिकाऱ्यांना.

– उपग्रह वाहिनीवरचा कार्यक्रम: आधी वाहिनी, मग स्वनियमन संस्था, मग केंद्र.

– लोंबणारी वायर, खोदलेला रस्ता: ग्रामपंचायत. विजेच्या खांबावर असेल तर महावितरण.

– अर्ज देऊनही हालचाल नाही: तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी.

आणि एक शेवटचा अर्ज, जो कुणीही नागरिक १० रुपयांत करू शकतो. जिल्हा संनियंत्रण समितीची शेवटची बैठक कधी झाली, त्यात किती तक्रारी आल्या आणि काय निर्णय झाले, हे माहिती अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारता येतं. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. पुढच्या चैत्र पौर्णिमेच्या दोन महिने आधी हा अर्ज टाकला, तर यात्रेपूर्वी उत्तर हातात येईल आणि वायरी उचलून घ्यायलाही वेळ उरेल.